माकडीण, ऋतुचक्र आणि व्यसन : एका उशिरा विचारल्या गेलेल्या प्रश्नाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. विज्ञानालाही इतिहास असतो. पण तो सांगताना आपण शोधांची आणि शोधकर्त्यांची नावे सांगून मोकळे होतो. कोणता प्रश्न विचारायला किती उशीर झाला आणि तो का झाला, हा त्या इतिहासाचा दुसरा भाग असतो आणि माझ्या मते तोच अधिक उद्बोधक असतो. आज अशाच एका प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. माणूस, वानर, माकडे आणि कपी यांना प्राणिशास्त्रात एकत्रितपणे नरवानर गण म्हणतात. या गणातील मादीला मादक द्रव्याची ओढ महिन्याच्या सर्व दिवशी सारखीच असते काय? नसल्यास त्या चढउताराचा तिच्या ऋतुचक्राशी काय संबंध आहे?

सभेत मुली बसलेल्या असताना हा विषय घ्यावा काय, अशी शंका काही स्नेह्यांनी बोलून दाखविली. मुली बसलेल्या आहेत म्हणूनच तो घ्यावा, असे माझे मत आहे. ज्या गोष्टीसाठी आपल्या भाषेत ‘कावळा शिवला’ असे आडवळणाचे शब्द वापरावे लागले, तिचे नाव सरळ घेण्याची जागा शाळेसारखी दुसरी नाही.

माकडाशी आपले नाते मोठे मौजेचे आहे. पांढुर्णा-सौंसर भागातील संत्र्याच्या बागेचा मालक आठवडाभर गोफण आणि फटाके घेऊन वानरांच्या मागे धावतो आणि शनिवारी जामसावळीला जाऊन शयनमुद्रेतील हनुमंतासमोर हात जोडतो. यात विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. मलाही वाटत नाही. आपल्या परिसरातील काळतोंड्या, लांब शेपटीच्या वानराचे शास्त्रीय नाव ‘सेम्नोपिथेकस एन्टेलस’ असे आहे. हे नाव लक्षात ठेवावे, कारण आजच्या कथेची सुरुवात त्याच्यापासूनच होते.

केंब्रिजचा वॉल्टर हीप नावाचा एक प्राणिशास्त्रज्ञ १८९०-९१ च्या सुमारास माकडांच्या प्रजननाचा अभ्यास करण्यासाठी कलकत्त्यास आला. सशांमध्ये गर्भाचे प्रत्यारोपण प्रथम यशस्वी करणारा तो हाच. स्त्रीच्या मासिक पाळीसंबंधी त्या काळी युरोपातील वैद्यकाचे ज्ञान किती तोकडे होते, याची आज कल्पना येणार नाही. मादी कुत्री, गाई यांना माजाच्या सुमारास रक्तस्राव किंवा स्राव होतो, तेव्हा स्त्रीची पाळी हाही एक प्रकारचा माजच, आणि बीजांड अंडाशयातून बाहेर पडते तेही पाळीच्याच सुमारास, असा मोठमोठ्या डॉक्टरांचा समज होता. त्यावरून गर्भधारणेचे ‘सुरक्षित दिवस’ सांगितले जात आणि ते नेमके उलटे असत! हीपने भारतातील वानरींचा अभ्यास करून १८९४ साली ‘सेम्नोपिथेकस एन्टेलस’च्या पाळीवर आणि १८९७ साली लालतोंड्या ऱ्हीसस माकडिणींच्या पाळीवर आणि बीजमोचनावर आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाळी आणि बीजमोचन या दोन घटना एकाच वेळी घडतातच असे नाही, हे त्याला दिसून आले. ज्या वानराला आपण बागेतून हाकलतो, त्याच्या मादीने आपल्या आयाबहिणींच्या शरीराविषयीचा एक जुना गैरसमज डळमळीत केला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पुढील काम अमेरिकेत झाले, पण माकडे आपलीच होती. जॉर्ज कॉर्नर याने १९२३ मध्ये ऱ्हीसस माकडिणीतील बीजमोचन आणि पाळी यांचा संबंध तपासला. त्याच वर्षी एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातील एका संप्रेरकाचा माग काढला. त्याच कुळातील इस्ट्रोन हे द्रव्य १९२९ मध्ये शुद्ध रूपात हाती आले. याच साली कॉर्नर आणि विलर्ड ॲलन यांनी अंडाशयातील पीतपिंडातून पाझरणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकाचे कार्य दाखवून दिले. त्यालाच पुढे प्रोजेस्टेरॉन हे नाव मिळाले. बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत कार्ल हार्टमन याने माकडिणींच्या पाळ्यांची दिवसागणिक नोंद ठेवली आणि १९३२ मध्ये आपला मोठा ग्रंथवजा प्रबंध प्रसिद्ध केला. ऱ्हीसस माकडिणीचे चक्र सुमारे २८ दिवसांचे असते, म्हणजे स्त्रीच्या चक्राइतकेच. आपल्या गणाबाहेरच्या उंदराचे चक्र अवघे ४-५ दिवसांचे असते, तेव्हा माकडिणीचे मोल का वाढले ते यावरून कळेल.

येथे थोडे थांबून चक्राची रूपरेषा सांगणे अवश्य आहे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर साधारण पहिले दोन आठवडे अंडाशयात एक पुटक वाढत असते आणि रक्तातील इस्ट्रोजेन वाढत जाते. मध्यावर पुटक फुटून बीजांड बाहेर पडते. फुटलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो आणि पुढील दोन आठवडे तो प्रोजेस्टेरॉन निर्माण करतो. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड विरतो, दोन्ही संप्रेरके झपाट्याने उतरतात आणि पाळी येते. व्याख्यानापुरते आपण पहिल्या भागाला पूर्वार्ध आणि दुसऱ्याला उत्तरार्ध म्हणू. पूर्वार्धात इस्ट्रोजेनचे राज्य आणि उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनचे, असे ढोबळ मानाने लक्षात ठेवले तरी पुरे.

याच दशकात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढीत होते. १९२७ साली सुरू झालेल्या त्या मासिकातील लैंगिक विषयांवरील लेखनासाठी त्यांना न्यायालयात खेचले गेले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. बाल्टिमोरमध्ये भारतीय माकडिणीच्या पाळीची रोज नोंद होत होती, आणि भारतात स्त्रीच्या शरीराविषयी छापणे हा गुन्हा ठरत होता. असो.

आता माकडांच्या व्यापाराकडे वळू, कारण त्यावाचून पुढील प्रयोग झालेच नसते. १९३८ मध्ये क्लॅरेन्स रे कार्पेंटर याने भारतातून सुमारे ४०० ऱ्हीसस माकडे जहाजाने नेऊन पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो या बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. १९४० मध्ये रक्तातील ‘आऱ्एच’ घटकाला नाव मिळाले ते याच ऱ्हीससवरून. आपल्यापैकी ज्यांच्या रक्तगटापुढे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ लिहिलेले असते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे पोलिओच्या लशीसाठी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागू लागल्या आणि १९५० नंतरच्या दशकात उत्तर भारतातून वर्षाला लाखाच्या वर माकडे परदेशी जाऊ लागली. १९५५ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर सुमारे ४०० माकडे गुदमरून मेली, तेव्हा भारत सरकारने निर्यात काही काळ थांबविली आणि नंतर अटी घालून पुन्हा सुरू केली. चार्ल्स साउथविक आणि अलिगढचे रफिक सिद्दिकी यांनी १९५९-६० पासून उत्तर प्रदेशात माकडांची मोजदाद केली, तेव्हा खेड्यापाड्यांतून माकडे, विशेषतः तरुण माकडे, किती कमी झाली होती ते उघडकीस आले. निर्यातीची मर्यादा अखेर वर्षाला २०,००० वर आणली गेली. अमेरिकेतील लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत भारतीय माकडे वापरली जातात, हे शर्ली मॅक्ग्रील यांच्या संघटनेने जाहीर केल्यानंतर पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात पूर्णपणे बंद केली.

मोरारजींचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा गृहमंत्री तेच होते. एकाच माणसाच्या हातून माणसासाठी दारूबंदी आणि माकडांसाठी निर्यातबंदी झाली. पण तोवर आपल्या माकडांना परदेशात दारू, अफू आणि कोकेन या तिन्हींची ओळख करून देण्यात आली होती!

व्यसन ही केवळ माणसाची नैतिक दुर्बलता आहे, की तिच्या मुळाशी शरीराचा काही नियम आहे, हा प्रश्न जुना आहे. १९४० मध्ये स्प्रॅग या संशोधकाने येल विद्यापीठाच्या वतीने चिंपांझींवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मॉर्फीनची सवय लावलेले चिंपांझी सुईची वेळ झाली की माणसाचा हात धरून त्याला टोचणीच्या खोलीकडे ओढीत. एका पेटीत केळे आणि दुसरीत सुई ठेवली, तर मात्रा टळलेला चिंपांझी सुईची पेटी निवडी. मात्रा मिळालेला मात्र केळ्याकडे वळे. १९६४ मध्ये थॉम्प्सन आणि शुस्टर यांनी माकडाच्या शिरेत नलिका बसवून त्याला कळ दाबून स्वतःच मॉर्फीन घेण्याची सोय करून दिली. १९६९ मध्ये मिशिगन विद्यापीठातील डिनो, यानागिता आणि सीव्हर्स यांचा प्रसिद्ध प्रबंध निघाला. त्यात असे दिसले की माकडे मॉर्फीन, कोकेन, ॲम्फेटामीन, दारू ही द्रव्ये आपणहून घेतात; क्लोरप्रोमाझीनसारखे औषध किंवा मेस्कॅलीन घेत नाहीत. माणूस ज्याच्या आहारी जातो त्याच्याच आहारी माकड जाते. माकडाला ना वाईट संगत असते, ना घरची भांडणे, ना चित्रपट. तरीही ते कळ दाबते. कोकेन अमर्याद मिळाले तेव्हा काही माकडे झटके येऊन मेली, तरी तोवर कळ दाबीतच होती. या प्रयोगांविषयी बोलताना माझा आवाज कोरडा राहत नाही, हे मी लपवीत नाही. त्यांच्यामुळे नवी औषधे बाजारात येण्यापूर्वी व्यसनकारक आहेत की नाहीत हे तपासण्याची रीत रूढ झाली, हे खरे. पण जे मिळाले त्याची किंमत कोणी मोजली, हे इतिहासाने लिहून ठेवलेच पाहिजे.

एव्हाना चतुर श्रोत्यांच्या मनात प्रश्न आला असेल. ज्या माकडिणीने जगाला ऋतुचक्र शिकविले, तीच व्यसनाच्या प्रयोगातही होती. मग कोणत्या दिवशी ती किती वेळा कळ दाबते, हे कोणी पाहिले? दीर्घकाळपर्यंत जवळजवळ कोणीच नाही. नर माकडे आणि नर उंदीर घेतले की काम सोपे होते. मादी घेतली की चक्राचे दिवस मोजावे लागतात, रक्त तपासावे लागते, आणि मिळालेले आकडे ‘अस्थिर’ असतात अशी तक्रार होती. चक्र म्हणजे प्रयोगातील अडचण, अशी ती समजूत. माणसांच्या बाबतीतही हेच झाले. थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेची धास्ती अमेरिकेत ताजी होती. १९७७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या प्रारंभीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना दिली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की स्त्रियांना औषधे दिली जात, पण ती पारखली जात पुरुषांवर. ही सूचना १९९३ मध्ये मागे घेण्यात आली आणि त्याच वर्षी शासकीय खर्चाच्या संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला. तरी प्रयोगशाळा ढिम्मच होत्या. २००९ मधील मेंदूविज्ञानाच्या प्रबंधांची मोजणी बिअरी आणि झुकर यांनी केली, तेव्हा केवळ मादीवरील एका अभ्यासामागे केवळ नरावरील ५.५ अभ्यास असल्याचे आढळले. आणि गंमत पाहा, २०१४ मध्ये झुकर आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे एकत्र करून तपासले, तेव्हा चक्राचा दिवस न पाहताही उंदरांच्या माद्या नरांपेक्षा अधिक ‘अस्थिर’ निघाल्या नाहीत. ज्या कारणासाठी मादीला दूर ठेवले, ते कारणच पोकळ होते.

आपल्या समाजाने स्त्रीच्या पाळीचे दिवस काटेकोरपणे मोजले, ते तिला दूर बसविण्यासाठी. गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांतील कुर्माघरे त्याची साक्ष आहेत; आपल्या घरांतील कोपरेही काही वेगळे नव्हते. विज्ञानाने तिला दूर बसविले, ते दिवस मोजावे लागू नयेत म्हणून. दोन्हीकडे ती बाहेरच.

हे दिवस मोजण्याचे कष्ट ज्यांनी घेतले त्यांत हार्वर्डशी संलग्न असलेल्या मॅक्लीन रुग्णालयातील नॅन्सी मेलो या विदुषीचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. त्या आणि जॅक मेंडेलसन यांनी १९७० नंतरच्या दशकात तेथे दारू आणि मादक द्रव्यांच्या संशोधनाचे केंद्र उभारले. १९८३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की स्वतःहून भरपूर दारू पिणाऱ्या माकडिणींची पाळी बंद पडते आणि प्रजननसंस्था बिघडते. दारुड्या स्त्रियांत असे घडते हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण दोष दारूचा, की कुपोषणाचा, की यकृताच्या विकाराचा, हे सांगता येत नव्हते. प्रयोगशाळेत खाऊनपिऊन असलेल्या माकडिणीने त्याचे उत्तर दिले. १९९७ मध्ये कोकेनबाबतही ऋतुचक्र बिघडत असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. म्हणजे संबंधाची एक बाजू निश्चित झाली : द्रव्य चक्र मोडते.

दुसरी बाजू, म्हणजे चक्र द्रव्याची ओढ बदलते काय, ही अधिक नाजूक होती. ओढ मोजायची कशी? त्यासाठी एक युक्ती आहे. पहिल्या मात्रेसाठी माकडिणीला कळ थोड्या वेळा दाबावी लागते, पुढच्या मात्रेसाठी अधिक वेळा, त्यापुढच्या मात्रेसाठी त्याहून अधिक. किंमत अशी पायरीपायरीने वाढत जाते आणि एका क्षणी ती नाद सोडून देते. तो क्षण जितका उशिरा येईल तितकी ओढ मोठी. दारूच्या गुत्त्यावर भाव वाढविला तर कोण कधी घरी जातो, यावरून ज्याची त्याची ओढ कळावी, तसेच हे आहे. मेलो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या रीतीने लांब शेपटीच्या आग्नेय आशियाई माकडांवर केलेले कोकेनचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९७८ च्या आपल्या बंदीनंतर परदेशी प्रयोगशाळांनी एकीकडे ऱ्हीससची पैदास आपल्याकडेच सुरू केली आणि दुसरीकडे या जातीकडे मोर्चा वळविला होता, हे जाता जाता सांगतो. निष्कर्ष असा होता की चक्राच्या पूर्वार्धात माकडीण कोकेनसाठी उत्तरार्धापेक्षा अधिक किंमत मोजते. २०११ मध्ये याच गटाने माकडिणींना प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे कोकेन घेणे कमी झाले.

स्त्रियांत याला दुजोरा मिळाला. कोलंबिया विद्यापीठातील सुझेट इव्हान्स आणि रिचर्ड फोल्टिन यांनी कोकेनची सवय असलेल्या स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्वार्धात असलेल्या स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन दिले असता कोकेनची धुंदी मंद झाली. पुरुषांना ते देऊन असा परिणाम झाला नाही. यामागची यंत्रणाही बऱ्याच अंशी उलगडली आहे. इस्ट्रोजेनमुळे मेंदूतील डोपामीन या द्रव्याचा स्राव वाढतो, हे मिशिगनच्या जिल बेकर यांनी उंदरांच्या माद्यांत दाखविले होते, आणि कोकेनचा सारा खेळ डोपामीनवरच चालतो. प्रोजेस्टेरॉन त्याच्या उलट दिशेने ओढ धरते. सर्व प्रयोगांत ही भरतीओहोटी सारख्याच ठळकपणे दिसली असे मात्र नाही. मात्रा, द्रव्य देण्याची रीत आणि माकडिणीचा स्वभाव यांनी फरक पडतो.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, चला, पूर्वार्ध धोक्याचा आणि उत्तरार्ध सुरक्षित. एवढे सोपे असते तर मी आपला वेळ घेतला नसता! दारूची गोष्ट उलटी निघाली. ऑरेगन येथील राष्ट्रीय नरवानर संशोधन केंद्रात कॅथलीन ग्रँट यांच्या गटाने ऱ्हीसस माकडिणींच्या दारू पिण्याची नोंद चक्रागणिक ठेवली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध केली. माकडिणी पूर्वार्धापेक्षा उत्तरार्धात अधिक पीत, आणि त्यातही उत्तरार्धाच्या अखेरीस, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरत असताना. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य तयार होते. मेंदू शांत करणाऱ्या ज्या यंत्रणेवर दारू काम करते, त्याच यंत्रणेवर हे द्रव्यही काम करते. म्हणजे शरीराने स्वतःच रोज थोडी ‘शांती’ वाटावी आणि पाळीच्या तोंडावर ती एकाएकी काढून घ्यावी, असा हा प्रकार आहे. जे कमी पडले ते बाहेरून भरून काढण्याची धडपड म्हणजे ते वाढलेले पिणे, असा अर्थ संशोधक लावतात आणि तो मला पटतो. पाळीपूर्वीची चिडचिड, बेचैनी, झोप उडणे याला ‘बायकांची कटकट’ म्हणणाऱ्या पुरुषांनी हे एकदा वाचावे.

आता पाहा : महिन्याभराची सरासरी काढली तर कोकेनची भरती आणि दारूची भरती या दोन्ही त्या सरासरीत बुडून जातात. माकडीण ‘साधारण’ पिते, ‘साधारण’ कळ दाबते, असे उत्तर येते आणि ते उत्तर कोणत्याही एका दिवसाला लागू पडत नाही. पन्नास वर्षे विज्ञान अशाच सरासरीवर समाधानी होते.

आपल्याकडे काय? मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था १९७० पासून आहे आणि तेथे दक्षिणेकडील टोपीवाल्या माकडांवर संप्रेरकांचे अभ्यास झाले. पण ते गर्भनिरोधाच्या दिशेने. आपल्या प्रांतात व्यसन म्हणजे पुरुषाचे, आणि स्त्री म्हणजे त्या व्यसनाची सोसणारी, अशी विभागणी पक्की आहे. तिला आधारही आहे. गडचिरोलीत स्त्रियांनी पुढाकार घेऊन दारूविरुद्ध जो लढा दिला आणि १९९३ मध्ये तो जिल्हा दारूमुक्त घोषित करून घेतला, तो आपल्या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासातला फार मोठा अध्याय आहे. त्याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष दिले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. रोग होता, दुखत होते. विचारणारे कोणी नव्हते. बाल्टिमोरच्या माकडिणींची पाळी रोज तपासली जात होती, त्यानंतर अर्धशतकाने आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतील बायांची ही स्थिती होती. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले.

आणि स्त्रीला व्यसन नसते हे तरी कोठे खरे आहे? पश्चिम महाराष्ट्रात मिसरी, पूर्वेकडे गुडाखू, आणि आपल्या विदर्भाच्या अंगाला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली ती पन्नी कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेलाही असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील १२.८ टक्के प्रौढ स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरताना आढळल्या. मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया तंबाखू, बहुतांशी मिसरी, वापरीत होत्या आणि त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. हे व्यसन घराच्या आत, तोंडात, पदराआड असते. त्याचा तमाशा होत नाही, म्हणून ते दिसत नाही. तंबाखू सोडण्याचा निर्धार करणाऱ्या बाईला चार दिवस जमते आणि पाचव्या दिवशी जमत नाही, तेव्हा आपण तिला निश्चयाची कच्ची ठरवितो. माकडिणीला निश्चय नसतो, तरी तिचा पाचवा दिवस चौथ्यासारखा नसतो. व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्या स्त्रीच्या कागदावर शेवटच्या पाळीच्या तारखेचा एक रकाना आखावा आणि सोडण्याचा दिवस तो पाहून ठरवावा, असे मी येथे उपस्थित डॉक्टरमंडळींना सुचवू इच्छितो. त्याला पैसा लागत नाही, पट्टी आणि पेन्सिल लागते.

परदेशात याच्या पुढचे पाऊल पडले आहे. बाळंतपणानंतर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येते आणि गरोदरपणात कोकेन सोडलेल्या अनेक स्त्रिया त्या काळात पुन्हा त्याकडे वळतात, हे पाहून येल विद्यापीठातील किंबर्ली यॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी ५० बाळंतिणींवर एक चाचणी घेतली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. अर्ध्या जणींना १२ आठवडे प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, अर्ध्या जणींना दिसायला तशाच पण निष्क्रिय गोळ्या. कोणाला काय मिळाले हे ना त्यांना ठाऊक, ना देणाऱ्याला. प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या गटात कोकेनचा वापर कमी राहिला. गट लहान होता आणि संशोधकांनी स्वतःच याला प्राथमिक चाचणी म्हटले आहे. परंतु हीपने कलकत्त्यात वानरींचे दिवस मोजले त्याला तेव्हा १२० वर्षे उलटून गेली होती, आणि त्या दिवसांचा हिशेब या वेळी प्रथमच एका व्यसनी स्त्रीच्या औषधाच्या चिठ्ठीपर्यंत येऊ पाहत होता.